फौज का आली होती, ते आठवा : अमेरिकी काँग्रेस आणि इंटिरियर खात्याला खुले पत्र

प्रति,
माननीय सचिव, इंटिरियर खाते, आणि
अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य,
वॉशिंग्टन डी.सी.

महोदय,

हे पत्र इंग्रजीतून तुमच्याकडे रीतसर पाठवलं आहे. मराठीतून जाहीरपणे लिहिते आहे, त्याला कारण आमच्या घरच्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांतली (ती इंटिरियर खात्याच्या अखत्यारीत येतात) माणसं कमी केल्याची बातमी मी तिथे टाकली, तर साताऱ्याहून, पुण्याहून, न्यू जर्सीहून जवळजवळ एकच उत्तर आलं : "मिलिटरीच्या ताब्यात द्या, सुतासारखे सरळ होतील सगळे." आमच्या लोकांचा हा लाडका तोडगा आहे. ट्रॅफिक असो, परीक्षेतली कॉपी असो, गणपतीची गर्दी असो, मिलिटरी आली की झालं.

मी सुभेदाराची मुलगी. सातारा जिल्ह्यात हे काही मिरवण्यासारखं नाही, घरटी एक असतोच. तेव्हा फौजेबद्दल मला कमी आदर आहे असं कुणी म्हणू नये. पण तुमच्या देशात, जो आता कागदोपत्री माझाही आहे, हा तोडगा एकदा खरोखर करून झालेला आहे. एक-दोन वर्षं नव्हे, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तब्बल ३२ वर्षं. तो का करावा लागला, हे माझ्या नातेवाइकांना ठाऊक नसलं तर एक वेळ चालेल. तुम्ही ते विसरलात, म्हणून हे पत्र.

मी फ्रेस्नोला राहते, प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. एका बाजूला योसेमिटी, दुसऱ्या बाजूला सिकोया, ही दोन्ही राष्ट्रीय उद्यानं सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या टप्प्यात. माझ्या वर्गात अशी मुलं असतात की ज्यांच्या घरातून ते डोंगर दिसतात, पण तिथे कधी कुणी नेलेलं नसतं. गेल्या वर्षी सहल ठरवली. ज्या उद्यानात जायचं होतं त्याचं नाव घेत नाही, कारण तिथल्या माणसांचा त्यात दोष नाही. त्यांनी कळवलं की मुलांबरोबर द्यायला रेंजर, म्हणजे उद्यानाचा राखणदार, नाही, माणूसबळ नाही. आम्ही गेलो. सव्वीस मुलं आणि मी, एका प्रचंड सिकोया वृक्षाच्या बुंध्याशी. एका मुलाने विचारलं की हे झाड कुणी तोडलं कसं नाही. त्याचं उत्तर मला येत होतं. पण ते टोपीवाल्या रेंजरने सांगणं आणि बाईंनी सांगणं, यात चौथीच्या मुलांना फार फरक पडतो.

आता ते उत्तर तुम्हाला सांगते.

१ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि यलोस्टोन जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याहून थोडंच लहान. त्याच्या राखणीसाठी काँग्रेसने दिलेली रक्कम : शून्य. पहिले अधीक्षक नॅथॅनिएल लँगफर्ड यांना पगारच नव्हता. पोटापाण्याची नोकरी दुसरीकडे, त्यामुळे उद्यानाकडे ते क्वचितच फिरकले. पहिला पैसा सुटला १८७८ साली, १० हजार डॉलर. १८८० साली हॅरी याउंट नावाचा एक गेमकीपर, म्हणजे रानातल्या जनावरांचा राखणदार, नेमला गेला. एवढ्या मुलखाला एकटा माणूस. त्याने एक हिवाळा काढला, इथे एकट्याने काही होणार नाही, लहानसं पण भरवशाचं पोलीस दल लागेल असा अहवाल लिहिला आणि राजीनामा देऊन गेला. पुढे जे काही घडलं ते सगळं त्या अहवालात होतं.

तोवर कुणी गीझरच्या, म्हणजे उकळत्या पाण्याच्या कारंज्याच्या, तोंडात ओंडके टाकत होतं, कुणी झऱ्याभोवतीची शतकांत साचलेली पांढरी खडी कुऱ्हाडीने फोडून नेत होतं, कुणी त्यावर नाव कोरत होतं. (नावं कोरण्याबद्दल आम्ही मराठी माणसांनी फार बोलू नये. रायगडापासून सिंहगडापर्यंत आमचे प्रेमवीर कोरलेलेच आहेत.) एल्क (मोठी हरणं) आणि बायसन (रानबैल) कातड्यांसाठी मारले जात होते. कायदा होता, पण मोडणाऱ्याला शिक्षा काय, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं.

१८८६ च्या उन्हाळ्यात काँग्रेसने अधीक्षक आणि त्याच्या मदतनिसांसाठी एक पैसाही द्यायला नकार दिला. कारभार वाईट चालला होता हे खरं, पण सुधारण्याऐवजी हात आखडता घेतला. १८८३ च्या एका कायद्यात एक कलम होतं : गरज पडल्यास इंटिरियर खात्याने युद्ध खात्याकडे सैन्य मागावं. इंटिरियर खात्याने तेच मागितलं, कारण मागण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. १७ ऑगस्टला कॅप्टन मोझेस हॅरिस पहिल्या घोडदळाची एम कंपनी घेऊन उद्यानातल्या मॅमथ या ठिकाणी पोचले. जेमतेम पन्नास माणसं. पोचले तेव्हा उद्यानात वणवे पेटलेले होते आणि ते विझवायला त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं.

सन्माननीय सदस्यहो, फौज यलोस्टोनमध्ये आली ती तुम्ही, म्हणजे तुमच्याच खुर्च्यांवर तेव्हा बसलेल्यांनी, साध्या नागरी नोकरांचा पगार द्यायचं नाकारलं म्हणून. राष्ट्रीय उद्यानं ही अमेरिकेची सर्वांत उत्तम कल्पना होती, असं भाषणांतून ऐकते तेव्हा मला १८८६ चं ते अंदाजपत्रक आठवतं.

फौजेने काम मात्र चोख केलं, हे माझ्या ग्रुपवरच्या मंडळींसाठी सांगते. ज्याने दगडावर नाव खरवडलं असेल त्याला शोधून, परत आणून, ब्रश हातात देऊन ते घासून काढायला लावत. प्रत्येक मुक्कामावर विस्तव विझवला की नाही ते पाहत. हिवाळ्यात आठ-आठ, दहा-दहा फूट लांब लाकडी स्की आणि हातात एकच लांब काठी घेऊन गस्त घालत. मधे रात्र काढायला लहान लहान लाकडी खोपटी बांधलेली. महिन्याला १३ डॉलर पगाराचा शिपाई, पारा उणे चाळीसपर्यंत उतरलेला, आणि समोर ज्याला पकडायचं तो त्याच जंगलात वाढलेला. उद्यानातल्याच नॉरिसला सैनिकांची जुनी चौकी आजही उभी आहे. ओंडक्यांची बैठी इमारत, पुढे ओसरी. आता तिथे रेंजरांचा इतिहास सांगणारं संग्रहालय आहे. मॅमथला तर उद्यानाचं मुख्यालयच जुन्या फोर्ट यलोस्टोनच्या इमारतींत भरतं, आणि पर्यटकांचं माहिती केंद्र आहे ती १९०९ साली अविवाहित अधिकाऱ्यांसाठी बांधलेली इमारत आहे. रेंजरांच्या डोक्यावरची ती सपाट कडांची टोपीसुद्धा फौजेचीच देणगी.

पण बंदूक आहे आणि कायदा नाही, तेव्हा काय होतं, तेही ऐका. चोरटा शिकारी सापडला तर फौज त्याला फार तर तडीपार करू शके आणि त्याचं सामान जप्त करू शके. तुरुंग नाही, दंड नाही. १३ मार्च १८९४ रोजी पेलिकन व्हॅलीत स्काउट फेलिक्स बर्जेसने एडगर हॉवेल नावाच्या शिकाऱ्याला गाठलं. हॉवेल मारलेल्या बायसनचं कातडं सोलत वाकलेला, रायफल थोड्या अंतरावर टेकवलेली, शेजारी कुत्रा. मधे चारेकशे यार्ड उघडं बर्फ. आडोसा नाही. बर्जेसकडे एक रिव्हॉल्व्हर. वारा त्याच्या बाजूने होता, कुत्र्याला वास लागला नाही, आणि हॉवेलने मान वर केली तेव्हा बर्जेस समोर उभा होता. असला पराक्रम करून पकडलेला माणूस काय म्हणाला? की माझं जप्त होणारं सामान २६ डॉलर ७५ सेंटचं, आणि काम फत्ते झालं असतं तर मला दोन हजार मिळाले असते. हिशेब त्याचा बरोबर होता.

योगायोगाने त्या वेळी एमर्सन हफ हा 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकाचा बातमीदार उद्यानातच होता. संपादक जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी ती बातमी लावून धरली, आणि आयोवाचे प्रतिनिधी जॉन लेसी यांनी विधेयक आणलं. (लेसी स्वतः १८८७ साली यलोस्टोनमध्ये घोडागाडीतून जाताना लुटले गेले होते. कायदे करणाऱ्यांना कधी कधी असा अनुभव हितकारक असतो.) ७ मे १८९४ रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, कायदा झाला : एक हजार डॉलरपर्यंत दंड, दोन वर्षांपर्यंत कैद. तुम्ही मनावर घेतलंत तर दोन महिन्यांत होतं, ही त्यातली माझ्या कामाची गोष्ट. पण त्याआधीची बावीस वर्षं फुकट गेली होती, आणि १९०२ पर्यंत यलोस्टोनच्या रानात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते. मग माँटाना आणि टेक्सासमधून खासगी कळपांतले बायसन विकत आणून नव्याने सुरुवात करावी लागली.

माझ्या अंगणातल्या उद्यानांचीही तीच गत. सिकोया, योसेमिटी आणि जनरल ग्रँट नावाचं उद्यान, ही तिन्ही १८९० ची. कर्मचारी नाहीत, म्हणून १८९१ पासून दर उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ या लष्करी तळावरून घोडदळ यायचं. इथला त्रास मेंढ्यांचा. हजारोंनी कळप वर चढत आणि कुरणं खरवडून काढत. मेंढपाळाला शिक्षा करता येत नव्हती, म्हणून अधिकाऱ्यांनी युक्ती काढली. मेंढपाळाला धरायचं, डोंगर ओलांडून उद्यानाच्या एका टोकाला नेऊन बाहेर सोडायचं, आणि त्याच्या मेंढ्या दुसऱ्या टोकाला हाकून द्यायच्या. तो बिचारा चालत चालत कळपापर्यंत पोचेस्तोवर कळपाची दाणादाण. कायदा मोडलेला नाही, आणि कायद्याचं काम झालेलं आहे. आमच्याकडे याला गनिमी कावा म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुलांना ही गोष्ट सर्वांत जास्त आवडते.

मला मात्र ती सांगताना दर वेळी जरा अडखळायला होतं. कळप मोठ्या मालकांचे असायचे, हाकणारे बहुतेक बास्क, पोर्तुगीज, मेक्सिकन गरीब माणसं. माणच्या दुष्काळी भागातून मेंढरं घेऊन उतरणारे धनगर आणि त्यांना अडवणारे गार्ड मी लहानपणी पाहिले आहेत. जंगल वाचतं तेव्हा त्याची किंमत कुणीतरी देत असतं, आणि ती बहुधा सर्वांत मागे उभ्या असलेल्याकडून वसूल होते.

१८९८ साली स्पेनशी युद्ध सुरू झालं. घोडदळ तिकडे गेलं आणि सिएरा नेवाडाच्या, म्हणजे इथल्याच डोंगरांतली कुरणं पुन्हा मेंढ्यांनी भरली. "मिलिटरीकडे द्या" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फौजेचं पहिलं काम वेगळं आहे आणि ते आलं की बाकीचं सोडून तिला जावंच लागतं. राखणीला असा माणूस लागतो, ज्याचं दुसरं काही काम नाही. महाराष्ट्रात ताडोबा-पेंचसाठी विशेष व्याघ्र संरक्षण दल उभं केलं, तेही वनखात्याच्या हाताखालीच, यामागे हाच शहाणपणा आहे.

फौजेचे दोषही लपवायचं कारण नाही. वणवा दिसला की विझवायचा, ही शिस्त त्यांच्यापासून सुरू झाली आणि जंगलाला अधूनमधून आग लागते, लागावी लागते, हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली. १९८८ साली यलोस्टोनचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वणव्यांच्या टापूत सापडला. बायसन राखायचे आणि लांडगे-कोयोटी मारायचे, हेही तेव्हा संरक्षणच समजलं जाई. आणि ज्या जनरल शेरिडन साहेबांच्या नावाने हॅरिसचा पहिला तळ ओळखला गेला, त्यांनी १८८२ साली यलोस्टोन राखायला सैन्य देऊ केलं होतं. मैदानी प्रदेशात इथल्या मूळ रहिवाशांविरुद्धच्या मोहिमा चालवणारे आणि बायसनांची कत्तल चालू द्यावी म्हणणारे सेनापतीही तेच. यलोस्टोनच्या डोंगरांत पिढ्यान् पिढ्या राहणारे टुकुडिका शोशोनी हे मूळ रहिवासी फौज येण्याआधीच तिथून हलवले गेले होते. १८७७ साली नेझ पर्स या मूळ रहिवासी जमातीचे लोक फौजेचा पाठलाग चुकवत याच उद्यानातून गेले. योसेमिटीच्या दरीतून तर १८५१ सालीच मारिपोसा बटालियनने तिथल्या लोकांना हुसकलं होतं, त्यांची गावं जाळून. 'निर्मनुष्य निसर्ग' तसा सापडलेला नव्हता, तो तसा केलेला होता.

आता माझ्या तक्रारी. एकेक करून मांडते, पण सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सर्वांत मोठी तक्रार माणसांची. १४ फेब्रुवारी २०२५ च्या सुमारास राष्ट्रीय उद्यान सेवेतल्या सुमारे एक हजार प्रोबेशनवरच्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढलं गेलं. कोर्टाने नंतर हस्तक्षेप केला, काही परत आले, पण घडी मोडायची ती मोडलीच. नॅशनल पार्क्स कॉन्झर्वेशन असोसिएशनच्या हिशेबाप्रमाणे त्या वर्षीच्या जुलैपर्यंत कायम कर्मचाऱ्यांपैकी जवळपास चौथाई कमी झाले होते. कुणी निवृत्ती घेतली, कुणी राजीनामा, आणि रिकाम्या जागा भरायच्या नाहीत. वर २०२६ च्या अंदाजपत्रकात उद्यानांच्या चालू खर्चातून ९० कोटी डॉलरहून जास्त कापायचा प्रस्ताव आला. आणि येणाऱ्यांची संख्या? २०२४ साली ३३ कोटी १९ लाख भेटी, आजवरचा उच्चांक. याउंटने एका हिवाळ्यात जे शिकून लिहून ठेवलं, ते तुम्ही सव्वाशेहून अधिक वर्षं बाळगून शेवटी केराच्या टोपलीत टाकलंत.

मला सांगितलं जातं की उद्यानं उघडी आहेत, स्वच्छतागृहं चालू आहेत, मग तक्रार कसली? तक्रार अशी की समोर दिसतं ते चालू ठेवायला मागचं सगळं बंद केलं जातं. झऱ्यांची तपमानं नोंदवणारा, अस्वलांची मोजदाद करणारा, पायवाट दुरुस्त करणारा माणूस फाटकावर तिकिटं फाडायला बसवला की पर्यटकाला काहीच कळत नाही. कळतं ते दहा वर्षांनी.

दुसरी गोष्ट, सरकार ठप्प होतं तेव्हाची. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ असे पस्तीस दिवस सरकार बंद होतं आणि उद्यानांची फाटकं उघडी. कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री उद्यानात झाडं तोडली गेली, जिथे चाक जायचं नाही तिथे गाड्या घातल्या गेल्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्रेचाळीस दिवस बंद, पुन्हा तेच धोरण. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, याहून वेगळं यात काही नाही. अंदाजपत्रकावरचं भांडण तुमचं, भोगायचं झाडांनी.

तिसरी गोष्ट मला शिक्षिका म्हणून टोचते. मे २०२५ च्या खात्याच्या आदेशानंतर उद्यानांमध्ये क्यूआर कोड असलेल्या पाट्या लागल्या. होऊन गेलेल्या किंवा हयात अमेरिकनांबद्दल इथे काही नकारात्मक मजकूर दिसला तर कळवा. मग मी चौथीच्या मुलांना कॅप्टन चार्ल्स यंग कसे शिकवू?

यंग १८६४ साली केंटकीत जन्मले, गुलामगिरीत. १८८९ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले, तिथून पदवी घेणारे तिसरे कृष्णवर्णीय. १९०३ च्या उन्हाळ्यात नवव्या घोडदळाच्या कृष्णवर्णीय सैनिकांसह ते प्रेसिडिओहून घोड्यावरून सिकोयाला आले आणि त्या हंगामापुरते उद्यानाचे हंगामी अधीक्षक झाले. राष्ट्रीय उद्यानाचा कारभार पाहणारे पहिले कृष्णवर्णीय. तोवर जायंट फॉरेस्ट या सिकोयांच्या राईपर्यंत गाडीरस्ताच नव्हता, वर्षानुवर्षं काम रेंगाळलेलं. यंगच्या माणसांनी तो एका उन्हाळ्यात पोचवला, आदल्या तीन वर्षांत मिळून झालं नव्हतं एवढं काम करून. आज आपण सगळे ती झाडं बघतो त्याचा पाया तो रस्ता आहे. जंगलाच्या पोटात खासगी मालकीचे तुकडे होते, ते सरकारने विकत घ्यावेत असं त्यांनी लिहून कळवलं. लोकांनी एका सिकोयाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं, तर ते म्हणाले, वीस वर्षांनीही तुम्हाला असंच वाटलं तर द्या. नाव दिलं गेलं २००४ साली.

आणि याच माणसाला १९१७ साली, महायुद्धाच्या तोंडावर, रक्तदाबाचं कारण देऊन निवृत्त केलं गेलं. आपण ठणठणीत आहोत हे दाखवायला ते १९१८ साली ओहायोहून वॉशिंग्टनपर्यंत घोड्यावरून गेले, सुमारे पाचशे मैल. ब्रिगेडियर जनरलची बढती मिळाली २०२२ साली, मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. यातला कुठला भाग सकारात्मक आणि कुठला नकारात्मक, ते सचिव महोदयांनी मला खूण करून द्यावं. रस्ता सांगायचा आणि गुलामगिरी गाळायची? घोड्यावरचा प्रवास सांगायचा आणि तो का करावा लागला ते गाळायचं?

यालाच लागून, २०२६ च्या मोफत प्रवेशाच्या दिवसांतून मार्टिन ल्यूथर किंग दिन आणि गुलामगिरीच्या अंताची आठवण असलेला जूनटींथ वगळले गेले. नवव्या घोडदळाने राखलेल्या जंगलात हे व्हावं, याला काय म्हणावं ते मी वाचणाऱ्यांवर सोडते.

शेवटची तक्रार छोटी, पण मराठी घरांत तिचीच चर्चा जास्त. १ जानेवारी २०२६ पासून यलोस्टोन, योसेमिटी, सिकोया धरून अकरा मोठ्या उद्यानांत परदेशी पाहुण्याकडून नेहमीच्या शुल्कावर माणशी शंभर डॉलर जादा, नाहीतर अडीचशे डॉलरचा वार्षिक पास. आमचे दादा-वहिनी साताऱ्याहून येणार आहेत, त्यांचाही हिशेब सुरू झाला आहे. तत्त्व म्हणून मला यावर फार बोलता येत नाही. अजिंठ्याला आम्ही भारतीयाकडून चाळीस रुपये घेतो आणि परदेशी पाहुण्याकडून सहाशे. घ्या, जरूर घ्या. पण ते पैसे कुठे गेले, ते दाखवा. दादांच्या शंभर डॉलरमधून त्या उद्यानात एक रेंजर उभा राहणार असेल तर ते आनंदाने देतील. कपात झाकायला जाणार असतील तर ती सरळसरळ फसवणूक आहे.

१९१६ च्या ऑगस्टमध्ये याच काँग्रेसने राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन करणारा कायदा केला. काही सैनिकांनी फौजेतून मोकळं होऊन रेंजरची नोकरी धरली. त्यानंतरही पैशांची टंगळमंगळ चालूच राहिली, फौज पुन्हा बोलवावी लागली, आणि १९१८ साली ती यलोस्टोनमधून कायमची गेली. म्हणजे उद्यान घोषित झाल्यापासून राखणीची धड नागरी व्यवस्था उभी करायला ४६ वर्षं लागली. ती मोडायला किती लागतात, हे आपण बघतोच आहोत.

माझ्या मागण्या साध्या आहेत. कायम कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या जागा भरा, आणि भरताना आधी रानात उभ्या राहणाऱ्यांच्या, मग कचेऱ्यांतल्या. चालू खर्चातल्या कपातीचा प्रस्ताव पुन्हा आला तर काँग्रेसने तो फेटाळावा. सरकार बंद पडेल तेव्हा एक तर रेंजरांचे पगार चालू ठेवणारा कायदा करा, नाहीतर फाटकांना कुलूप लावा, अर्धवट उघडं काही ठेवू नका. मजकुराच्या तक्रारी मागणाऱ्या पाट्या काढा. फलकांवर काय लिहायचं हे इतिहासाच्या अभ्यासकांना आणि ज्यांचे पूर्वज तिथून हलवले गेले त्या लोकांना ठरवू द्या. वगळलेले दोन्ही मोफत दिवस परत आणा. परदेशी पाहुण्यांकडून जमलेली रक्कम उद्यानवार, दरवर्षी जाहीर करा. आणि उद्यानांची तूट भरायला सैन्य किंवा नॅशनल गार्ड पाठवण्याचा विचार कुणाच्या मनात आलाच, तर आधी १८८६ चं अंदाजपत्रक काढून वाचा.

इथे मत देणाऱ्या मराठी मंडळींना विनंती : आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाचा फोन नंबर सहज सापडतो, पाच मिनिटांचं काम आहे. ग्रुपवर "मिलिटरीकडे द्या" टाइप करायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ.

माझ्या वर्गाची पुढची सहल मे महिन्यात आहे. रेंजर मिळावा म्हणून अर्ज केला आहे. उत्तराची वाट बघते आहे, त्या अर्जाच्याही आणि या पत्राच्याही.

आपली,
चौथीची एक शिक्षिका
फ्रेस्नो, कॅलिफोर्निया